गाडीत पाणी येतंय? कारपेट बदलायच्या आधी वायपरखालची जाळी उघडून बघा (दोन पावसाळ्यांनंतरचा अनुभव)

मायलेज, पिकअप, फीचर्स यावर सगळ्यांनी भरपूर लिहून झालंय, ते परत लिहीत बसत नाही. माझी पेट्रोल हॅचबॅक आहे, मॅन्युअल, सनरूफ नसलेलं मॉडेल. मी लिहितोय ते फक्त पाण्याबद्दल, कारण ह्या जुलैत ड्रायव्हरशेजारच्या सीटच्या पायाशी एवढं पाणी साठलं की आई बसली आणि तिच्या साडीचा काठ भिजला. रत्नागिरीत राहतो, इथे वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, गाडी बाहेरून रोजच भिजते, पण काचा सगळ्या बंद असताना आत पाणी?

सर्व्हिस सेंटरला नेली. अॅडव्हायजरने मॅट उचलून हात लावला आणि उभ्या उभ्या सांगितलं, एसीचं पाणी बाहेर सोडणारा ड्रेन पाइप चोकअप आहे. पाइप साफ केला, सोबत नवीन एसी फिल्टर टाकला आणि वास येतो म्हणून एसी सॅनिटायझेशनचे वेगळे पैसे लावले. पुढच्याच सरीला परत तेच. पुन्हा गेलो तर सूरच बदलला, "साहेब, तुम्ही साठलेल्या पाण्यातून गाडी घातली असणार, वॉरंटीत नाही बसणार", आणि अख्खं कारपेट बदलायचं एस्टिमेट हातात दिलं, लेबर धरून २२ हजारांच्या वर. आता गाडीत पुराचं पाणी शिरलं तर गाळ राहतो, सीटच्या रेल्सना चिखल लागतो, इथे पाणी स्वच्छ आणि तेही एकाच बाजूला, हे मी तिथेच दाखवलं तरी उत्तर तेच. पाणी शिरतंय कुठून हे शोधायचंच नाही आणि कारपेट बदला म्हणायचं, म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ह्याचा राग मला अजून आहे.

मग आमच्या नेहमीच्या मेस्त्रींकडे गेलो. त्यांनी आधी पाणी बोटांत चोळून बघितलं, बुळबुळीत आणि गोडसर वास असेल तर ते कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव), म्हणजे ते ज्यातून फिरतं तो डॅशबोर्डमागचा हीटरचा कोर गेला. तसं नव्हतं, कूलंटची लेव्हलही जागेवर होती. मग शेडमध्ये उभी करून एसी चालू ठेवला, गाडीखाली पाणी व्यवस्थित टपकत होतं, म्हणजे एसीचा ड्रेनही मोकळा. मग पाण्याचा पाइप घेतला आणि खालून वर यायला सुरुवात केली, हे महत्त्वाचं आहे, एकदम टपावर पाणी सोडलं तर ते सगळीकडून ओघळतं आणि काहीच कळत नाही. मी आत टॉर्च घेऊन, ग्लव्हबॉक्स काढून ठेवलेला. आधी दार झालं, कोरडं. (दारात काचेच्या फटीतून पाणी जातंच, ते दाराच्या खालच्या भोकांतून बाहेर पडतं, आणि आतल्या पॅनलमागे चिकटवलेला प्लास्टिकचा पडदा ते केबिनमध्ये येऊ देत नाही. स्पीकर किंवा पॉवर विंडोच्या कामासाठी ज्यांचं दार उघडलंय त्यांनी पहिला संशय ह्या पडद्यावर घ्यावा.) मग वायपरच्या बुडाशी पाणी सोडलं आणि थोड्याच वेळात ब्लोअरच्या (एसीच्या पंख्याच्या) डब्यावरून धार लागली. सर्व्हिस सेंटरने टाकलेला नवा कोरा फिल्टर बाहेर ओढला तर चिंब! तेव्हा जुना फिल्टर काढताना तोही ओला असणारच ना, मग तिथेच कसं नाही कळलं?

वायपरचे नट सोडून खालची काळी जाळी उचलली आणि सगळा उलगडा झाला. गाडी गुलमोहराखाली लागते, त्याची पानं जेमतेम सेंटिमीटरभर, जाळीतून आरामात खाली जातात. आत काळा कुजका लगदा, मध्ये लाल पाकळ्या, बोट खुपसलं तर दुसऱ्या पेरापर्यंत आत, आणि डाव्या टोकाचं ड्रेनचं भोक पूर्ण बुजलेलं. पाणी साठत वर यायचं, आणि ब्लोअरला बाहेरची हवा देणारं तोंड जाळीखालच्या ह्याच खोबणीत आहे, तिथून सरळ पायाशी. ही जागा सर्व्हिसच्या चेकलिस्टमध्ये नाही, मॅन्युअलमध्येही मला सापडली नाही. टायर फिरवायचं लिहिलंय, वायपरचं पाणी भरायचं लिहिलंय, हे का नाही? कोकणात, गोव्यात गाड्या विकता ना?

इथवर लिहून मी हे टाकणारच होतो, पण थांबलो, कारण वरून कारपेट कोरडं लागत होतं तरी सकाळी काचा आतून धुरकट आणि कुबट वास. मेस्त्री म्हणाले, वरचं सोडा, खालचा फोम बघा. बॅटरीची निगेटिव्ह काढून थोडा वेळ थांबलो, मगच सीट सोडवली (सीटखालचे पिवळे कनेक्टर एअरबॅगच्या सर्किटचे असतात, बॅटरी चालू असताना हात लावू नका). कारपेट उचललं तर फोम दाबला की पाणी. पत्र्याच्या जोडावर गंज नुकता धरायला लागलेला. फोम बाहेर काढून पंख्याखाली खडखडीत वाळवला, गंज घासून प्रायमर मारला, मग बसवलं. त्यानंतर सप्टेंबरचा पाऊस झोडपून गेला, आत थेंब नाही, काचा स्वच्छ.

मेस्त्रींनी सगळ्याचे मिळून १५०० घेतले, त्यात तुटलेल्या क्लिपाही आल्या. त्यामुळे गाडीबद्दलचं माझं मत बदललंय, आधी घेऊ नका म्हणणार होतो, आता म्हणेन गाडी घ्या, फक्त झाडाखाली लागत असेल तर मे संपायच्या आत ती जाळी उघडून खोबण साफ करा, नंतर पावसातही अधूनमधून बघत राहा. सनरूफवाल्यांनो, तुमच्याकडे सहसा चारही कोपऱ्यांत ड्रेनच्या नळ्या असतात, त्या खांबांतून खाली येतात. तिथे कंप्रेसरची हवा जोरात मारू देऊ नका, नळी जोडातून सुटली तर पाणी टपाच्या कापडातून उतरतं आणि मग अख्खं हेडलायनर खाली काढावं लागतं.