मेडिकेअर घेतो म्हणाले आणि 1,140 डॉलर घेऊन बसले

न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये मेडिकेअर (अमेरिकेतला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) घेणारा फिजिकल थेरपिस्ट शोधत असाल तर हे वाचाच. माझे 1,140 डॉलर गेलेत. दर खेपेला 95, तेही रोख.

हिचा गुडघा बदलला होता, म्हणून घराजवळचं क्लिनिक बघितलं. फोनवर मराठी मुलगी. "काका, मेडिकेअर घेतो ना आपण!" इतकं गोड बोलल्यावर कोण उलटतपासणी घेणार? आधी सगळं सुरळीत. मग तीच म्हणते, "काकूंचं लिमिट संपलं, घरी थेरपिस्ट यायचा ना, त्यात." धादांत खोटं! मेडिकेअर थेरपीचे किती पैसे देणार याचं ते लिमिट 2018 मध्येच रद्द झालंय. आता ठरावीक रक्कम (2025 मध्ये ती 2,410 डॉलर होती) ओलांडली की क्लिनिकने बिलावर 'केएक्स' हा कोड लावून उपचार गरजेचे आहेत एवढं कळवायचं. होम हेल्थची थेरपी तर त्यात धरतच नाहीत.

खरी मेख पुढे. टॅबलेट समोर धरला, त्यावर नुसती सहीची चौकट. "फॉर्मॅलिटी आहे काका." तिथेच तो हातात घेऊन वर सरकवून बघायला हवा होता! पण मागे माणसं ताटकळलेली, हिचा पाय सुजलेला. तुम्ही काय केलं असतं? ती निघाली एबीएन नोटीस, म्हणजे 'मेडिकेअर बहुधा पैसे देणार नाही, मग खर्च तुमचा' असं आधी कळवणारा कागद. त्यात पर्याय 2 वर आधीच खूण: मेडिकेअरला बिल पाठवू नका. पर्याय पेशंटने निवडायचा असतो, क्लिनिकने नाही. नेहमी पर्याय 1 घ्या. बिल जातं, नाकारलं तर अपील करता येतं.

आता तक्रारीची तऱ्हा ऐका. मेडिकेअरची हेल्पलाइन म्हणते, क्लेमच आला नाही, अपील कशावर करणार? थेरपिस्टना लायसन्स देणारे म्हणतात, बिलिंग आमच्याकडे नाही. तिसरे म्हणतात, मेडिकेअरचे पैसे गेलेच नाहीत, मग फसवणूक कुणाची? अहो, माझी! प्रत्येक वेळी ते रटाळ संगीत, मग पुन्हा जन्मतारीख सांगा. पगारातून मेडिकेअरचा टॅक्स कापताना मात्र कधी कुणाला माझी जन्मतारीख विचारावी लागली नाही.

"मेडिकेअर घेता का" विचारू नका, "पार्टिसिपेटिंग आहात का" (म्हणजे मेडिकेअरने ठरवलेला दर नेहमी मान्य करता का) विचारा. डॉक्टरांसारखी ऑप्ट-आउटची, म्हणजे मेडिकेअरमधून बाहेर पडायची, सोय थेरपिस्टना नाही, तेव्हा "आम्ही मेडिकेअरबाहेर, कॅश द्या" म्हणाले की उठा. कागद कळला नाही तर सहीआधी 'शिप'च्या (मेडिकेअरबद्दल सल्ला देणारी सरकारी सेवा) समुपदेशकाला दाखवा, फुकट असतं. आणि पावतीवर उपचाराचा कोड मागा. आमच्या पावत्यांवर नुसतं 'वेलनेस' आहे. गुडघा बदललेल्या बाईला कसला डोंबलाचा वेलनेस!