बीटरूट कॅप्सूल: लाल लघवीचं सोडा, बीपीकडे बघा

उन्हाळ्यापासून घेतेय, आता गणपती होऊन गेले. शहापुरात आमच्याकडे आधी पावडर आली, तिची मातकट चव कुणाला सोसेना म्हणून मग कॅप्सूल.

लघवी गुलाबी होते. मी सांगितल्यावर आमचे मिस्टर "चल दवाखान्याला" म्हणत शर्ट चढवायला लागले! संडासलाही तोच रंग. हा बीटाच्या रंगाचा खेळ, सगळ्यांना होत नाही. एकाच डब्यातलं घेऊन त्यांना कधी झालं नाही. बीट बंद करूनही लाली राहिली तर मात्र तपासून घ्या.

खरी भानगड बीपीची. बीटातल्या नायट्रेटचं तोंडातल्या जिवाणूंमुळे नायट्राइट होतं, पुढे नायट्रिक ऑक्साइड, आणि रक्तवाहिन्या सैलावतात. कॅप्सूल थेट पोटात गेली तरी रक्तातलं नायट्रेट लाळेतून परत तोंडात येतंच. (जंतुनाशक माउथवॉशने रोज गुळण्या करणाऱ्यांचे जिवाणू मरतात, म्हणजे पैसे पाण्यात.) मी बीपीच्या अ‍ॅम्लोडिपिन ५ मिलिग्रॅम गोळीवर आहे, तीही रक्तवाहिन्याच सैल करते. सकाळी दोन्ही एकदम घेतलं की देवापुढून उठताना डोळ्यांपुढे अंधारी यायची. घरच्या मशीनवर वरचा आकडा शंभरीला टेकलेला. डॉक्टर म्हणाले, गोळीला हात लावायचा नाही, बीट कमी करा. आमच्या गल्लीत नेमकं उलटं चालतं: बीट सुरू केलं की गोळी बंद! बीटाने वरचा आकडा सरासरी चार-पाचच उतरतो, त्यावर गोळी कशी सोडायची? छातीच्या दुखण्यासाठी सॉर्बिट्रेट घेणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय डबा उघडूच नये.

निपाणीच्या नणंदेलाही एक डबा हवा होता. तिला मुतखड्याचा त्रास, म्हणून मी दिला नाही. बीटात ऑक्झलेट भरपूर, आणि बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचेच असतात. किडनी कमजोर असेल तर पोटॅशियमचाही घोर. पावडरीने मला गॅस व्हायचा, कॅप्सूलने कमी.

डब्यावर "शंभर टक्के नैसर्गिक" ठळक, एफएसएसएआयचा १४ आकडी नंबरही आहे. पण एका कॅप्सूलमध्ये नायट्रेट किती, ते कुठेच नाही. तो नंबर परवान्याचा, नायट्रेटचा हिशेब त्यात नसतो. मग डोस ठरवायचा कशावर?

सध्या दुपारी जेवणानंतर एकच घेते, अंधारी थांबलीय. जिना चढताना दम कमी लागतो असं वाटतं, पण रोजचं चालणंही वाढलंय, तेव्हा श्रेय कुणाला द्यायचं कळत नाही. पाचपैकी अडीच तारे. लेबलवर नायट्रेटचा आकडा छापला तर वाढवेन.