रिपोर्टवर छापलं होतं: पाळीचा दुसरा दिवस

वर्षभर दिवस राहत नव्हते म्हणून मी मोबाइलवर दिसलेलं एक 'संपूर्ण फर्टिलिटी प्रोफाइल' बुक केलं. एका टोचणीत सगळे हार्मोन. शंका खरं तर तिथेच यायला हवी होती.

रक्त न्यायला आलेल्या मुलाने फॉर्म गुडघ्यावर ठेवून भरला. 'शेवटच्या पाळीची तारीख' हा रकाना तसाच सोडला. विचारलं तर म्हणाला, "ते ऑफिसात भरतात, मॅडम." माझी तारीख ऑफिसला कशी ठाऊक असणार, हे काही मला सुचलं नाही.

दोन दिवसांनी रिपोर्ट आला, निम्मे आकडे लाल. मागोमाग 'काउन्सेलर' बाईंचा फोन. एएमएच (अंडाशयातल्या अंड्यांच्या साठ्याचा अंदाज देणारं हार्मोन) १.१ आहे, अंडी संपत आलीत, प्रोजेस्टेरॉनही बिघडलंय, वेळ घालवू नका. उपाय म्हणजे त्यांच्याच गोळ्यांचा तीन महिन्यांचा कोर्स आणि मग फेरतपासणी. मी फोन चालू असतानाच पैसे भरले. रडत होते, हिशेब कुठला सुचतोय!

पुढच्या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी लाल आकड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी वरची ओळ वाचली: 'पाळीचा दिवस: २'. मग प्रोजेस्टेरॉनवर बोट ठेवलं. "हे ११ आहे. दुसऱ्या दिवशी इतकं नसतं. रक्त नक्की कधी दिलंत?"

मी मोबाइलमधलं कॅलेंडर उघडलं. एकविसावा दिवस होता.

म्हणजे अंडं सुटल्याची खूण असलेला आकडा लॅबने लाल करून बिघाड म्हणून माझ्या गळ्यात मारला होता. एफएसएच आणि इस्ट्राडिओल ही हार्मोन पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी बघतात, प्रोजेस्टेरॉन पुढची पाळी यायच्या साधारण सात दिवस आधी. एका टोचणीत दोन्ही बसतच नाही. एएमएच कुठल्याही दिवशी चालतं, पण त्यावरून साठ्याचा आणि आयव्हीएफच्या इंजेक्शनांना अंडाशय कितपत दाद देईल याचा अंदाज बांधतात. आपसूक दिवस राहतील की नाही, ते त्यावरून ठरत नाही. २०१७ मध्ये 'जामा' या अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासातही, वंध्यत्वाचा इतिहास नसलेल्या ३० ते ४४ वयाच्या बायकांमध्ये, एएमएच कमी असलेल्यांना दिवस राहायला जास्त अडचण आलेली दिसली नव्हती.

गोळ्यांची बाटली डॉक्टरांनी उलटी करून लेबल वाचलं. बायोटिन, म्हणजे एक ब जीवनसत्त्व, तेही भरपूर. बायोटिनमुळे काही रक्ततपासण्यांचे आकडे चुकतात, असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामक एफडीएने २०१७ मध्येच दिलाय. आणि ह्याच गोळ्या खात मी फेरतपासणी करायची होती!

"मिस्टरांची वीर्यतपासणी झाली का?" त्यांनी विचारलं. त्या 'संपूर्ण' प्रोफाइलमध्ये नवऱ्याचं नावसुद्धा नव्हतं.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं की पाळीची तारीख ग्राहकानेच दिली होती. तो रिकामा रकाना असलेल्या फॉर्मचा फोटो मी काढून ठेवला नव्हता. तुम्ही काढा.