राख, वडी, पंप की सॅनिटायझर?

धाकट्या जावेचं नवं घर बांधून होत आलं. परवा तिचा फोन आला, "ताई, न्हाणीत हात धुवाले काय ठेवू? साबणाची वडी का ते पंपवालं?" मी लगेच "वडी" म्हणून मोकळी झाले. फोन ठेवल्यावर आठवलं, तिच्याकडे तर बोअरचं पाणी आहे. मग उत्तर तेवढं सोपं राहिलं नाही.

आमचं गाव दर्यापूर तालुक्यात, पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात, म्हणजे जिथं जमिनीतलं पाणीच खारं त्या भागात. इथल्या बोअरच्या पाण्यात वडी कितीही घासा, फेस काही येत नाही. पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाला धरून बसतं आणि त्याचा पांढरट थर बादलीच्या कडेला चिकटतो. शहानूर धरणाचं नळाचं पाणी आलं त्या दिवशी तीच वडी दोनदा फिरवली की हात फेसानं भरतात. शहरातल्या बहिणीचा सल्ला आपल्याकडे लागू पडत नाही तो यामुळे.

आधी सासूबाईंची बाजू ऐकू. त्या म्हणतात, "आमी तं जलमभर राखेनंच हात धुतले. काय झालं आमाले?" त्यांचं अगदीच चूक नाही. राख खारी असते, तेलकटपणा काढते, फुकट मिळते. साबण नसेलच तर राख वापरा, असं जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. पण त्यांच्या काळची चूल वेगळी होती. आता आमच्या चुलीत पराट्या, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्या जातात, आणि त्या पराट्यांनी हंगामभर फवारा खाल्लेला असतो. वर पोट्टे तंबाखू-सुपारीच्या खर्र्याच्या पन्न्या न् बियाण्याच्या थैल्याही त्यातच टाकतात. त्या राखेनं हात धुवायचं म्हटलं की माझं मन धजत नाही. थंडीत तळवे भेगाळतात ते वेगळंच. अंगणातली माती तर नकोच. कोंबड्या-बकऱ्या जिथं फिरतात तिथल्या मातीत जंतांची अंडी असू शकतात, धनुर्वाताचे जंतूही.

वडी स्वस्त आणि टिकाऊ. पुड्याच्या मागे बारीक अक्षरात टीएफएम, म्हणजे वडीतल्या तेल-चरबीचं प्रमाण लिहिलेलं असतं, तेवढं वाचा. 76 टक्के किंवा जास्त म्हणजे ग्रेड 1, 70 ला ग्रेड 2, 60 ला ग्रेड 3. "बाथिंग बार" लिहिलं असेल तर साबणाचा भाग त्याहून कमी असू शकतो. मात्र अशा काही वड्यांत डिटर्जंट मिसळलेलं असतं, त्यामुळे खाऱ्या पाण्यात त्यांनाच उलट जास्त फेस येतो. नुसते हात धुवायला ग्रेड 3 पुरे. महागडी "जंतुनाशक" वडी घ्यायची गरज नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनानं 2016 मध्ये ट्रायक्लोसनसह 19 द्रव्यं अशा साबणांतून काढायला लावली, कारण साध्या साबण-पाण्यापेक्षा ती सरस असल्याचं कंपन्यांना दाखवता आलं नाही.

एकाच वडीला सगळ्यांचे हात लागतात, म्हणून अनेकांना किळस येते. ती वडी आधी पाण्याखाली धरा, वरचं वाहून जातं. खरा वैरी चिखल झालेली साबणदाणी. आणि कावळा! हसू नका. आमच्या धुण्याच्या दगडावरून महिन्यात तीन वड्या गेल्या. मी मजुरांच्या पोरांवर संशय घेतला, आणि एका सकाळी कावळा चोचीत वडी धरून लिंबावर बसलेला दिसला. तेव्हापासून कांद्याच्या जाळीत वडी घालून ती नळाला बांधते. वडी कोरडी राहते, जाळीच्या घासणीनं नखांतला मळही निघतो.

पंपाच्या बाटलीला खाऱ्या पाण्यातही फेस येतो, ही तिची मोठी बाजू. तिच्यात बहुधा वडीसारखा साबण नसून डिटर्जंटच्या जातीचं द्रव्य असतं. पाहुण्यांसमोर बरी दिसते, म्हाताऱ्या माणसांच्या हातून वडीसारखी निसटत नाही. पण लहान लेकरांना तो पंप म्हणजे खेळणं. आमच्याकडे एक बाटली आठ दिवस पुरली नाही. पुरवावी म्हणून मी तिच्यात अर्धं बोअरचं पाणी घातलं, तर चार-पाच दिवसांनी वास सुटला. पाणी घातलं की साबण टिकवणारं द्रव्यही पातळ होतं, हे मला तेव्हा कळलं. सगळी बाटली ओतून द्यावी लागली.

सॅनिटायझर फक्त प्रवासापुरतं. एसटीत, बाजारात, पाणी नसेल तिथं ठीक. अल्कोहोल निदान 60 टक्के हवं आणि हात दिसायला स्वच्छ हवेत. मळ, तेल, शेण लागलेल्या हातावर ते नीट काम करत नाही. चुलीपाशी तर आणूच नका, पेट घेतं.

फवारणीच्या दिवसांत त्याच्यावर मुळीच भरवसा ठेवू नका. दोन वर्षांमागं आमचे हे वावरातून आले, पाठीवरचा फवारणीचा पंप उतरवला, हाताला सॅनिटायझर चोळलं आणि त्याच तळव्यावर खर्रा घोटायला बसले. सुपारी, तंबाखू, चुना, पन्नीवरून अंगठ्याचा रगडा, आणि उचलून थेट तोंडात. मी ओरडले तर म्हणे, "काहून ओरडतं? हात तं साफ केले ना!" औषध तिथंच होतं, फक्त पसरलं होतं. सॅनिटायझर काहीच धुऊन नेत नाही. 2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात गेले. तिथं मुख्य प्रश्न श्वासातून आणि अंगावरून जाणाऱ्या औषधाचा होता, पण तोंडात जाणारा हात निदान आपल्या ताब्यात आहे. हातमोजे घातले असतील तर ते काढायच्या आधी वरून साबणानं धुवा, मग काढा, मग हात धुवा. त्याला वडी आणि भरपूर वाहतं पाणी लागतं. फेस कमी आला तर दोनदा लावा.

वाहतं म्हणाले ते मुद्दाम. आमच्याकडे पाण्याचं घमेलं भरून ठेवायची सवय, त्यात पाचजण हात बुचकळतात. पाचव्याच्या हाताला पहिल्या चौघांचं सगळं लागतं, मग साबण ग्रेड 1 चा असला तरी काय उपयोग! गाडगेबाबांचं शेंडगाव आमच्यापासून फार लांब नाही. झाडू सगळ्यांना आठवतो, पण जेवायला बसताना लोट्यानं हातावर पाणी ओतणारं कोणी दिसत नाही. पाच लिटरच्या कॅनला खाली भोक पाडून त्यात खुंटी घातली तरी काम भागतं.

मग जावेला परत फोन केला. न्हाणीत पंपाची बाटली ठेव, पण कुलूप लावल्यासारखी उंच फळीवर. फाटकाजवळ, मजूर आणि घरचे वावरातून येतात तिथं, कॅन टांग आणि डिटर्जंटवाली वडी ठेव. सॅनिटायझरची एक लहान बाटली पिशवीत, बास. राख भांड्यांना ठेव, सासूबाई आल्या तर त्यांनाही बरं वाटेल.

ती म्हणाली, "सारं ठीक हाय ताई. पन फाटकापाशी कावळे लय हायेत."

कांदे घरात होतेच, जाळी तिनं त्याच दिवशी रिकामी केली.