आधी मेसियर की लिने? घरच्या दुर्बिणीतून चंद्रावरची दोन छोटी विवरं

चंद्र बघायला नाशिकबाहेर जायची गरज नाही. शहराचा उजेड अंधुक तारे गिळतो, चंद्राला त्याचा काही त्रास नाही. त्रास होतो तो दिवसभर तापलेल्या स्लॅबचा. त्याच्या झळांनी प्रतिमा थरथरते. उन्हाळ्यात दुर्बीण गच्चीऐवजी अंगणातल्या मातीवर लावा.

दुर्बीण तीन-चार इंची (म्हणजे भिंगाचा किंवा आरशाचा व्यास तेवढा) असेल तर मेसियरच. सपाट लाव्हाच्या पठारावर मेसियर आणि मेसियर ए ही विवरं शेजारीशेजारी आहेत, दोन्ही दहा-बारा किलोमीटरची. उल्का जवळजवळ जमिनीला घासत आली, म्हणून मेसियर लांबट झालं. मेसियर एपासून पश्चिमेला धूमकेतूच्या शेपटीसारखे दोन फिकट पट्टे निघतात, शंभराहून जास्त किलोमीटर लांब. विवरांतल्या सावल्या शुक्ल पंचमीला बघा, पट्टे पौर्णिमेच्या आसपास. संकष्टीला आपण चंद्रोदयाची वाट बघतो, तेव्हा मेसियरवर सूर्य मावळत असतो. म्हणून वद्य तृतीयेची रात्र जास्त भरवशाची.

लिने फक्त २.२ किलोमीटरचं. पृथ्वीवरून ते दिसतं जवळपास चार किलोमीटरवर ठेवलेल्या रुपयाच्या नाण्याएवढं. खड्डा म्हणून ओळखू यायला सहा-आठ इंची दुर्बीण आणि स्थिर हवा लागते. लहान दुर्बिणीत नुसता पांढरा ठिपका. याच अडचणीतून १८६६ साली अथेन्सच्या वेधशाळेचे युलिउस श्मिट यांनी लिने बदलल्याचं जाहीर केलं आणि मोठा वाद पेटला. विवर होतं तसंच आहे.

तरीही मोठी दुर्बीण असेल तर मी आधी लिनेकडेच वळवीन, आणि त्याचं कारण लोणार. लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटरचं, म्हणजे जवळपास तेवढंच, आणि दोन्ही बसाल्टमधली. आपली पांडवलेणी कोरली तोच हा काळा कातळ. लोणारच्या कडा हजारो पावसाळ्यांनी झिजवल्या, तळ गाळाने भरला. लिनेवर ना पाऊस ना वारा. सुमारे ६०० मीटर खोल वाडगा, भोवती उडालेल्या चुऱ्याचं पांढरं कडं. लोणारच्या काठावर उभं राहून आलेल्या माणसाला हा ठिपका बघताना काय वाटतं, ते मला शब्दांत नीट सांगता येत नाही.

शुक्ल अष्टमीला सेरेनिटाटिसच्या करड्या मैदानात आधी बेसेल हे ठळक विवर गाठा. लिने तिथून वायव्येला आहे.