सर्वनामांचा इतिहास बघायचाय, रशियन घेऊ की स्लोव्हेनियन?
क्लासच्या जाहिराती बाजूला ठेवा. पुस्तकं रशियनची भरपूर मिळतात, स्लोव्हेनियनची शोधावी लागतात. पण जुनेपणात स्लोव्हेनियन भारीच! द्विवचन अजून जिवंत आहे, मिद्वा म्हणजे आम्ही दोघं, आणि संस्कृतातल्या मे-ते सारखी मि-ति ही छोटी रूपं (मला, तुला) लोक रोज बोलतात, रशियनमधून हे दोन्ही गेलं. संस्कृत अहम् चा भाऊबंद जुन्या स्लाव्हिक भाषेतला अझ, तो स्लोव्हेनियनमध्ये याझ झाला, रशियनमध्ये नुसता या उरला.

'तो' च्या बाबतीत मात्र रशियन जास्त शिकवतं: येवो म्हणजे त्याला, पण आधी शब्दयोगी आलं की न्येवो, तो न जुन्या शब्दयोगींच्या शेवटचा, सर्वनामाला चिकटलाय, स्लोव्हेनियनने तो लांब रूपात कायमचाच घेतला, न्येगा.

संस्कृत येत असेल तर स्लोव्हेनियन घ्या, एकट्याने शिकणार असाल तर रशियन.