जांभळी जर्सी, नंबर सहा: तीन वर्षं वापरल्यानंतर

धोबी तलावला मेट्रो सिनेमाच्या आसपास खेळाच्या सामानाची दुकानं आहेत, त्यातल्या एका जुन्या दुकानातून मी २०२३ च्या एप्रिलमध्ये बास्केटबॉलची जर्सी करून घेतली. किंमत ६५० रुपये, वेळ दोन दिवस. कापड आणि शिलाई उत्तम. अक्षरांची एक अडचण आली, ती पुढे सांगते. दुकानाचं नाव देत नाही, कारण एकेक पीस करून देणं त्यांना परवडत नाही. माझं काम त्यांनी माणुसकीखातर केलं, आणि उद्या पन्नास जण एकेक जर्सी मागायला गेले तर त्यांना त्रास होईल.

जर्सी सॅक्रामेंटो किंग्जची, म्हणजे एनबीए या अमेरिकेच्या बास्केटबॉल लीगमधल्या एका टीमची. परळच्या बाईला सॅक्रामेंटोचं काय, असं बँकेत सगळे विचारतात. ऑक्टोबर २०१९ मध्ये वरळीच्या एनएससीआय डोममध्ये एनबीएचे भारतातले पहिले दोन सामने झाले, किंग्ज विरुद्ध इंडियाना पेसर्स. पहिल्या दिवशी किंग्ज ओव्हरटाइममध्ये एका गुणाने हरले, १३२-१३१. दुसऱ्या दिवशी मी मुलाला घेऊन गेले होते, तेव्हा १३०-१०६ असे हरले. शेवटच्या क्वार्टरला आमच्या रांगेतली बरीच मंडळी उठून गेली. मी बसून राहिले. कॉलेजात मी पॉइंट गार्ड, म्हणजे टीमचा खेळ चालवणारी, म्हणून खेळायचे आणि आमची टीम बहुतेक वेळा पहिल्याच फेरीत घरी यायची. हरलेल्या बेंचवर कसं वाटतं ते मला माहीत आहे. शिवाय टीमचे मालक विवेक रणदिवे आपल्या मुंबईत वाढलेले. त्या दिवसापासून ही माझी टीम.

तेव्हा त्यांनी २००६ नंतर प्लेऑफ, म्हणजे हंगामाअखेरची बाद फेरी, पाहिलेला नव्हता. हा दुष्काळ पुढे १६ हंगामांचा झाला, एनबीएच्या इतिहासातला सगळ्यात मोठा. २०२२-२३ मध्ये ४८ सामने जिंकून पश्चिम विभागात तिसरे आले, तरी कुणी धरायला तयार नव्हतं, कारण समोर सहाव्या नंबरवर आलेले गोल्डन स्टेट वॉरियर्स, म्हणजे आदल्या वर्षीचे विजेते. माझ्या मुलाचे सगळे मित्र वॉरियर्सच्या स्टेफन करीचे चाहते. म्हटलं, आता अंगावर घालूनच बसायचं.

दुकानात काका आधी नाहीच म्हणाले. "ताई, एक पीस नाही होत. टीम घेऊन या, दहा पीस तरी पाहिजेत." दहाच्या वर ऑर्डर असेल तर ते सब्लिमेशन करतात, म्हणजे रंग कापडातच उतरतो. एका पीसला अक्षरं कापून गरम प्रेसने चिकटवावी लागतात. मी त्यांना १६ वर्षांचं सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि जांभळ्याच्या तीन छटा काउंटरवर टाकल्या. एक वांगी रंगाची, एक लालसर, एक निळ्याकडे झुकणारी. तिन्ही घेऊन ते स्वतः दाराशी गेले आणि मला उजेडात दाखवल्या. ट्यूबलाइटखाली तिन्ही सारख्याच दिसत होत्या. निळ्याकडची घेतली.

माप पुरुषांचंच असतं, हे बायकांनी लक्षात ठेवावं. बास्केटबॉलच्या जर्सीला काखेत खोल कट असतो, हात मोकळा वर जावा म्हणून. काकांचा माल नागपाड्याच्या बास्केटबॉल खेळणाऱ्या पोरांकडे जातो, त्यामुळे कट त्यांना नेमका कळतो. मी सांगितल्यावर त्यांनी तो दोन इंच वर घेतला आणि आतून ओव्हरलॉक करून दिलं. आज तीन वर्षांनी एक टाका सुटलेला नाही.

मग विचारलं, "नंबर?" सगळ्यांना वाटलं असतं पाच, कारण तेव्हाचा आमचा हिरो डी'ॲरन फॉक्स पाच नंबर घालायचा. मी सहा सांगितला. किंग्जने सहा नंबर प्रेक्षकांच्या नावाने निवृत्त केलेला आहे. कोर्टावर पाच, सहावे आपण. तो नंबर तिथला कुठलाही खेळाडू घालत नाही. समोर देवनागरीत 'सॅक्रामेंटो', पाठीवर दहा इंची ६.

सातपैकी चार सामने आधी जिंकेल तो पुढे. पहिला सामना आपल्याकडे रविवारी १६ एप्रिलला सकाळी सहाला. घरात सगळे झोपलेले, मोबाइल साखरेच्या डब्याला टेकवलेला, पंखा पाचवर. एप्रिलच्या मुंबईत जाळीचं कापड म्हणजे काय सुख, हे त्या अडीच तासांत कळलं. घाम धरत नाही, पाठीला चिकटत नाही. फॉक्सने ३८ टाकले, आम्ही १२६-१२३ जिंकलो. तिकडे स्टेडियमवरून, किंग्ज जिंकले की सोडतात तो जांभळा झोत आकाशात गेला आणि इकडे मी जर्सीच्याच टोकाने डोळे पुसले. दुसराही जिंकलो. मग तीन हरलो. चौथा एका गुणाने गेला, १२६-१२५, आमचा शेवटचा तीन गुणांचा शॉट रिंगला लागून बाहेर आला, आणि त्याच सामन्यात फॉक्सच्या डाव्या हाताचं बोट मोडलं. तो पुढचे तिन्ही सामने खेळला. सहावा आम्ही त्यांच्या घरात ११८-९९ ने घेतला.

सातवा सामना १ मे उजाडायच्या आधी, रात्री एक वाजता. महाराष्ट्र दिनाची सुट्टी, त्यामुळे जागायला हरकत नव्हती. करीने एकट्याने ५० टाकले. १२०-१०० ने हरलो. मी जर्सी काढली, रात्रीच बादलीत भिजवली आणि सकाळी गॅलरीत वाळत घातली. खालच्या मावशींनी वर बघून विचारलं, "काय गं, तुझ्या पोरांचं काय झालं?" त्यांना बास्केटबॉलमधलं काही कळत नाही, पण पंधरा दिवस जर्सी वाळताना बघत होत्या.

आता ती अडचण. गार पाणी, उलटी करून, हाताने, असं सांगितलेलं तसंच मी धुते. रंग पहिल्या दोन धुण्यांत थोडा गेला, म्हणून वेगळी भिजवा. पण दुसऱ्या पावसाळ्यात 'सॅ'वरचा चंद्र सुटला आणि 'में'वरचा टिंब कडेने उचलला. आपल्या लिपीत हे सुटे तुकडे बारीक असतात, आणि आधी तेच निघतात. सलग शिरोरेषा मात्र अजून घट्ट आहे. काकांकडे नेली, तर त्यांनी चंद्र नव्याने कापून, जाड करून, फुकट प्रेस करून दिला. म्हणाले, आधीच मोठा कापायला पाहिजे होता. तुम्ही देवनागरीत करणार असाल तर चंद्र, अनुस्वार नेहमीपेक्षा मोठे सांगा, किंवा ते सुईदोऱ्याने भरून घ्या.

२०२४ मध्ये आम्ही प्ले-इनमध्ये, म्हणजे प्लेऑफच्या उरलेल्या जागांसाठीच्या सामन्यांत, वॉरियर्सना ११८-९४ हरवलं आणि पुढच्याच सामन्यात बाहेर पडलो. २०२५ ला प्ले-इनच्या पहिल्याच सामन्यात गेलो. त्याआधी डिसेंबरमध्ये कोच माइक ब्राउनना काढलं, फेब्रुवारीत फॉक्स सॅन अँटोनियोच्या टीमकडे गेला. त्याच्या नावाची जर्सी घेतलेले आज कपाटात ठेवून बसले असतील. मला वाईट वाटलं, खूप वाटलं, त्या दिवशी ऑफिसात जेवण गेलं नाही. पण माझ्या पाठीवरचा आकडा बदलावा लागला नाही.

मुलगा आता माझ्याहून उंच झालाय, करीचं पोस्टर भिंतीवर अजून आहे. गेल्या महिन्यात म्हणाला, मलाही एक कर. काकांकडे गेलो, तो उभा राहिला, काकांनी टेप लावली आणि वहीत नंबर लिहायला पेन उचललं. त्याने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, "सहाच."